मोसंबीच्या पेनाला छान म्हणले

१२ मार्च, रविवार
जनावरं छावणीत, दूध बंद, म्हणून दूध सोसायटीची खोली रिकामी. आमी लाकडी पेन करणारे तिघं तिथंच बसतो. मी, नसीम, अन् साखर कारखान्यातून रिटायर झालेले टर्नर बबनदादा. लेथ त्यांचाच.
नसीमनं बाभळीचा पेन आणलता. मी म्हणले, पेन हाय का वांग्याचा देठ? धरायचा कुठं? तिचं तोंड एवढंसं झालं. पेन उचलून गेली.
दादा म्हणले, "बाई, लाकूड घासायला लेथ हाय. तुझ्या जिभेला काय लावावं?"
खोटं काय बोलले मी?

१४ मार्च
टँकरच्या रांगेत नसीम पुढं. मागं बघितलं न्हाई. रोज माझी घागर तीच सरकवती. आज मीच ओढली.
आता तोंड सांभाळायचं. गोड बोलायला काय जातंय.

२६ मार्च, रविवार
नसीम आली. मोसंबीच्या लाकडाचा पेन. "तुमच्याच बागेचा, अक्का." बाग वाळली म्हणून परवा तोडली, त्यातली फांदी तिनं नेलती. मला माहीतच न्हाई. पिवळा, देखणा. पण हातात घेतला अन् कळलं. जड, गार. पानं वाळली तरी लाकूड आतून ओलं. सुकलं की तडकणार.
"नीट बघ ना अक्का."
छान हाय, म्हणले.
"बस? एवढंच?"
लई छान हाय.
दादा जन्मभर लोखंडात, त्यांना काय कळावं. तेच म्हणले, हाच पेन शनिवारच्या मीटिंगीत सोसायटीच्या चेअरमनबाईला द्यायचा. तवाही मी गप.

१ एप्रिल, शनिवार
चेअरमनबाई छावणीच्या ठरावावर सही करायला बसल्या. टोपण फिरवलं अन् पेन उभा तडकला. शाई बोटावर, लुगड्यावर, ठरावावर. मागून कोणीतरी, "गावात पाणी न्हाई अन् शाईला पूर!" सगळे हसले. नसीम ओढणीनं टेबल पुसत होती.
मी जागची हालले न्हाई.

२ एप्रिल
नसीमच्या दारात गेलते.
"तुला दिसलं होतं ना, अक्का?"
हो म्हणले.
"मग कावून बोलली न्हाईस?"
तुला वाईट वाटतं म्हणून.
"देठ म्हणलीस तर घरी येऊन रडले. मग तोच पेन घासून घासून हातात बसवला. छान म्हणलीस, तिथंच माझा हात थांबला." मग हळू म्हणली, "छान तर परक्याला म्हणतात."
चहा विचारला न्हाई. पहिल्यांदाच.

९ एप्रिल, रविवार
खोलीवर आली न्हाई. दादांनी सगळीकडं झाडलं, तिच्या जागेवरचा भुसा तसाच ठेवला. मला काही बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं.

१६ एप्रिल
बोरीचा पेन केला. टोपण वाकडं, निब खरखरती. दुसरी निब लावता आली असती, न्हाई लावली. तसाच घेऊन तिच्याकडं गेलते. म्हणले, बघ. खोट काढ.
उन्हात धरला. फिरवला. टोपणापाशी अंगठा थांबला तिचा. मला वाटलं, आता बोलती.
"छान हाय," म्हणली. अन् आत गेली.
पेन शाई भरून तिच्या ओट्यावरच सोडून आले. हे बॉलपेननं लिहितेय. एक ओळ तरी लिहील ती. निब अशी खरखरती की नसीमला गप बसणं जमायचं न्हाई.

बघू.