रजिस्टरात नसलेलं माप

अब्बा, गेल्या आठवड्यात मी तुमचं माप शोधलं आणि ते कुठेच सापडलं नाही.

तुमच्या दुकानासाठी मी बनवलेलं ॲप्लिकेशन अजून चालतं. तुम्ही गेल्यावर लातूरचं दुकान बंद झालं, तुमचं शिलाई मशीन मी इथे नांदेडला घरी आणलं, पण ब्राउझरमध्ये उघडणारी ती मापांची वही आता औसा, रेणापूर, उमरी इथले मिळून अकरा टेलर वापरतात. मी ती सांभाळते. बनवायला चार महिने लागले होते, सांभाळायला मात्र वर्षं गेली. पायथॉनची आवृत्ती बदलते, त्यावरचं फ्रेमवर्क बदलतं, काल चालणारी ओळ आज अडते, आणि तरी उमरीच्या टेलरला सकाळी दुकान उघडल्यावर सगळं कालच्यासारखंच दिसायला हवं. तुम्ही जुन्या शेरवानीचं अस्तर बदलायचात, तसंच हे काम. झालंय हे बाहेरून कुणाला कळता कामा नये.

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे तुम्ही कापडावर खडू ओढता ओढता विचारलं होतं. घरी आपण दखनी बोलायचो आणि दुकानाची पायरी चढलो की मराठी. मी सांगितलं, लॉगिन, फॉर्म, नोंदी ठेवायची जागा, हे सगळ्यांनाच लागतं, ते तयार मिळतं. तुम्ही भिंतीवर टांगलेल्या, कापड ज्यावर ठेवून कापायचं त्या खाकी कागदी नमुन्यांकडे बघितलंत. ‘म्हंजे फर्मा. मंग तू काय करून राहिलीस?’ मला राग आला. तुम्ही हसलात. ‘नुसत्या फर्म्यावर कापलेला शर्ट कुणालाच नीट बसत न्हाई, बेटा. माणूस बघून कमीजास्त करावं लागतं.’ मग माझ्या स्क्रीनवर वाकून तुम्ही कमीजास्त करायला लागलात. मापांच्या खाली शेऱ्याला जागा पाहिजे, कारण कुणाचा खांदा उतरता असतो, कुणी पोक काढून चालतो. तारीख टाकल्याशिवाय ऑर्डर घेतलीच जाऊ नये. ‘माणसाला आशेवर ठेवायचं न्हाई. कधी देणार ते सांगायचं, न्हाईतर कापड वापस करायचं.’ आणि लाल रंगाचं पुसायचं बटण बघून तुमचा आवाज चढला. ‘हे काढ. आपल्याकडं माप पुसत न्हाईत. माणूस गेला तरी पुसत न्हाईत.’

बटण मी काढलं. पण तीन वर्षांत न आलेल्या गिऱ्हाइकांच्या नोंदी दर महिन्याला आपोआप साफ करणारा कोड आत लिहिलेला होता, तो तसाच ठेवला. मला तेव्हा नीटनेटकेपणाची हौस होती. कागदी रजिस्टरंही माझ्याच सांगण्यावरून रद्दीत गेली होती, आणि बॅकअप घ्यायची शिस्त मला अजून लागायची होती.

मग काही वर्षांनी रेणापूरच्या त्या वहिनी येतात. पिशवीत कापड आहे. नवऱ्याने स्वतःसाठी घेतलेलं, शिवायचं राहून गेलं आणि तो वारला. ‘पोराचं लगीन हाय, मास्तर. आता त्येच्या बापाच्याच अंगाचा झालाय. बापाच्या मापात शिवा.’ तुम्ही माझ्याकडे बघता. मी नाव टाकते. काहीच येत नाही. पुन्हा टाकते. वहिनी हसून म्हणतात, ‘आमच्या मालकाला तुमी बी इसरलात व्हय?’ त्या हसतायत, पण त्यांनी पिशवी छातीशी धरलीय. मी म्हणते, ‘सर्व्हर बिघडला, अब्बा. त्यात गेलं असेल.’

तुम्ही चष्मा काढलात. ‘चूक माझ्याकडून झाली, वहिनी. त्यांचा एखादा जुना शर्ट असंल तर आणा.’ दोन दिवसांनी त्यांनी तो आणला. तुम्ही तो उलटा केलात, टेबलावर पसरून हाताने सुरकुत्या काढल्यात आणि शिवणीवर टेप धरून एकेक माप मोठ्याने सांगितलंत. मी भरत गेले. संध्याकाळी शटर ओढताना तुम्ही एवढंच विचारलंत, ‘सर्व्हर असं आपल्या मनानं पुसतो?’ मी म्हणाले, ‘कधी कधी.’ तुम्ही ‘हाव का’ म्हणालात आणि कुलूप लावलंत. तो कोड मी दुसऱ्या दिवशी काढून टाकला. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

गेल्या आठवड्यात फ्रेमवर्कची नवी आवृत्ती चढवण्याआधी मी शोध चालतो का ते बघत होते. सहज तुमचं नाव टाकलं. शून्य नोंदी. साऱ्या गावाची मापं लिहिलीत, स्वतःचं कधी लिहिलंच नाहीत. स्वतःसाठी कापायचं झालं की कापड अंगाला लावून खडूच्या दोन रेघा मारायचात. मी पेटीतून तुमचा राखी शर्ट काढला, उलटा केला, हाताने सुरकुत्या काढल्या. छाती अडतीस. बाही साडेतेवीस. शेरा: उजवा खांदा उतरता. मग जतन करायला गेले, तर माप आणि ऑर्डरचा फॉर्म एकच असल्यामुळे खाली लाल अक्षरं आली: देण्याची तारीख भरा.

तुमचीच अट आणि माझीच ओळ. काय तारीख टाकणार होते मी? ती अट फॉर्ममधून काढली, नोंद जतन केली, आणि नव्या आवृत्तीसोबत तो बदल सगळ्या दुकानांना गेला. दुसऱ्या दिवशी उमरीहून फोन. ‘ताई, तारीख न टाकताच ऑर्डर सेव्ह व्हायलीय. मला लई सोयीचं हाय, पण सणाला गिऱ्हाईक माझी गचांडी धरंल!’ मी म्हणाले, ‘नव्या आवृत्तीची काहीतरी गडबड असेल. बघते.’ फोन ठेवला तेव्हा हातात तुमचा शर्ट होता, अजून उलटाच.

अट परत घातली आहे. तुमची नोंद तेवढी बिनतारखेची राहिली. ती उघडते, पण तिच्यात काहीही बदलायला गेलं की तारीख मागते. म्हणून मी काही बदलत नाही, नुसती उघडून बघते.

उमरीच्या टेलरला मी उलट फोन करून सांगितलं की गडबड आवृत्तीची नव्हती, माझी होती. तो म्हणाला, ‘असू द्या हो ताई, त्यात काय एवढं.’ वहिनी आल्या त्या दिवशी सर्व्हरही बिघडला नव्हता, अब्बा. तुम्हाला सांगायला मला शटर ओढण्यापासून कुलूप लावण्यापर्यंतचा वेळ होता.