गाणं चालू, म्हणजे मी चालू

हार्लेम, २ नोव्हें. २०२०
सकाळी सातला भैरव लावला, दोन मिनिटांत तुटला. पुण्यात अरुणने त्याचं लावलं असणार. जावयाने काढून दिलेलं गाण्यांच्या ॲपचं खातं एक, ऐकणारे आम्ही बहीणभाऊ दोन. एकाने लावलं की दुसऱ्याचं बंद. फोन केला.
"ताई, तुझ्याकडे उजाडतंय, माझ्याकडे साडेअकरा. तुझ्या भैरवासाठी मी माझी तोडी सोडू?"
बासष्ट वर्षांचा आहे. वेळा ठरवून पाठवल्या. सात ते आठ माझी.

१४ जाने. २०२१
अरुण काय ऐकतोय ते माझ्या फोनवर दिसतं. इथून थांबवताही येतं. त्याला सांगितलं.
"म्हणजे आता पाळत?" मग म्हणाला, "बरंच झालं. रोज फोन करून जिवंत आहेस का विचारू नकोस. गाणं चालू, म्हणजे मी चालू."
एकटा राहतो, ऐकताना फोन उचलत नाही. मान्य केलं.

९ फेब्रु.
बर्फ. मुग्धा मला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. मुलगी कसली, पहारेकरी. नऊला फोन पाहिला. पुण्यात सारंग. मगच चहा घेतला. ही सवय मला आवडत नाही.

१८ एप्रिल
अरुणला ताप. टेस्ट दिली आहे. जेवणाला चव लागते का विचारलं.
"तुझ्या हातची भाजी असली की तेव्हाही लागायची नाही."
शेजारच्या देवधर वहिनी दाराशी डबा ठेवतात.

१९ एप्रिल
पॉझिटिव्ह. ऑक्सिजन ठीक म्हणतो, आकडा विचारला की विषय बदलतो. मी जाते म्हटलं. मुग्धा म्हणाली, "आई, गेलीस तरी तुला त्याच्या घरात कोण सोडेल?" बरोबर आहे, म्हणून जास्त राग आला.
दुपारी पाहिलं. उन्हाळी वेळेमुळे आता अंतर साडेतीनच तासांचं, तिथे सूर्यास्ताची वेळ, पुरिया चालू. त्यानंतर चार वेळा पाहिलं. चालू. चालू. निजायला गेले.

२० एप्रिल, स. ६.४०
पुण्यात दहा वाजून गेले. स्क्रीनवर दरबारी.
मध्यरात्रीचा राग, सकाळी दहाला. अरुण हे लावणार नाही. भलत्या वेळी भलता राग लावला म्हणून लग्नाच्या पंगतीतून उठून गेलेला माणूस आहे.
म्हणजे यंत्र निवडतंय. लावलेलं संपलं की ते स्वतःच पुढचं लावतं, थांबत नाही. कधीपासून? काल पुरियानंतर मी 'चालू' एवढंच पाहिलं. राग पाहिला नाही. पाहायला हवा होता. मी
कॅसेट असती तर बाजू संपून खट् झालं असतं. उलटायला माणूस लागायचा.

७.०५
फोन उचलत नाही. देवधर वहिनींना केला. त्या दाराशी जाऊन आल्या.
"आतून कडी आहे हो. पण गाणं चालू आहे, झोप लागली असेल."
कालचा डबा?
"दारातच आहे."
ॲम्ब्युलन्सला मुग्धा फोन लावते आहे. वॉचमन सुताराला आणायला गेला.

७.२०
इथून थांबवलं. वीज गेली, पंखा थांबला की झोपलेला माणूस जागा होतो. तसा उठेल. उठून माझ्या नावाने ओरडेल.
वहिनींचा लगेच फोन. रडत होत्या. "बंद केलं हो त्यांनी. उठले."
सांगावं लागलं, मी केलं.

७.३५
सुतार अजून नाही. इराने जिन्यातून विचारलं, "आज्जी, नो म्यूझिक टुडे?"
वेळ माझी आहे. मी काही लावणार नाही. आता इथे काही सुरू झालं तर ते अरुणच्याच बोटाने. कुठलाही राग चालेल.
स्क्रीन दर अर्ध्या मिनिटाला मालवते. मी परत पेटवते.