पात्यावरची तीट

२७ सप्टेंबर, शनिवार

ट्रॅक्टरला पुढं बसवायचा डोझर घ्यायचा म्हणजे घ्यायचा! ह्यांनी पुण्यातनं फोनवर कितीही डोकं खाऊ दे. "अगं, आपण काय रस्त्याचे कंत्राटदार आहोत का?" म्हणे. नाही आहोत. पण आत्यांना दर मंगळवारी नि शुक्रवारी पहाटे बारामतीला डायलिसिसला न्यायचं असतं, ते काय पुण्यात बसून होतं? स्वतःची आई आहे म्हटलं. तेव्हा घे म्हणाले.

गेल्या हंगामात ऊसतोड सुरू झाली आणि ट्रॉल्यांनी वस्तीचा कच्चा रस्ता पार चिखलात घातला. कळस गावाचा डांबरी रस्ता समोर दिसतोय आणि वस्तीवरच्या मोहितची भाड्याची जीप मधेच रुतलेली! आत्यांचा एक मंगळवार चुकला. अंगात पाणी भरलं, श्वास लागला, आयसीयूत ठेवायला लागलं. डॉक्टर मला म्हणाले, "पुन्हा एकही चुकवू नका." ते मी विसरणार नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

आत्यांना मशीनवर सोडलं आणि बारामतीतली दुकानं पालथी घातली. सोबत सासरे, अप्पा. दुकानदार सगळं त्यांनाच सांगत होता! शेवटी अप्पाच म्हणाले, "मला मोतीबिंदू हाय. ट्रॅक्टर ही चालवती, हिला सांगा." बरं वाटलं.

"ताई, मागं जोडायचा पाटा घ्या, सोपा पडतो." नको. आधी आपलीच चाकं चिखल तुडवणार, मग पाटा ओढणार, आणि मागं बघून बघून मान मोडणार माझी. पुढचाच पाहिजे. आणि तिरका होणारा, म्हणजे चिखल कडेला पडतो. सरळ पातं नुसता ढीग ढकलत नेतं. खालची धार नटबोल्टवरची बघितली, झिजली की तेवढीच बदलायची.

निघताना दुकानदाराने एक कामाची गोष्ट सांगितली. पातं उचललं की हेडलाइट झाकले जातात, म्हणून वर टपावर दोन दिवे घ्या. घेतले.

२ ऑक्टोबर, दसरा

डोझर आला! पिवळाधमक, तोंड दिसेल असा चकचकीत. झेंडूचा हार, नारळ, सगळं झालं. नव्या जावयाभोवती फिरावं तसे अप्पा त्याच्याभोवती फिरत होते.

आत्यांनी ओवाळलं, पण तोंड पाडून. "माझ्यापायी लोखंड आणलं घरात."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मेलेच असते!

तोड सुरू झालीय. त्यात शेजारच्या सोनबातात्यांनी उसाला पाणी सोडून दिलं नि घरी जाऊन झोपले. सगळं पाणी रस्त्यावर. पहाटे अंधारात डोझर काढला. पातं खाली होतं तोवर झकास, चिखल कसा लोण्यासारखा कडेला गेला. वळणावर पातं उचललं, आणि टपावरच्या दिव्यांचा सगळा उजेड त्या पिवळ्या पात्यावर आपटून माझ्याच डोळ्यात! काही म्हणजे काही दिसेना. ट्रॅक्टरचं पुढचं चाक कडेच्या पाण्याच्या चारीत गेलं. मोहितने मागनं हॉर्न वाजवला म्हणून थांबले.

आत्या वेळेवर पोचल्या.

सोनबातात्यांना सांगितलं, पाणी आवरा. "बायकांनी डोझर चालवल्यावर चाक चारीतच जायचं," म्हणाले आणि हसले! छबूकाकू, त्यांची बायको, आत ओट्यावर बसून होती. ती मात्र हसली नाही, एवढंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे आलेत. दिवे वर केले, खाली केले, तिरके केले. ह्यांचं एकच, "दिवे बदलूया." दिव्यांचा दोष नाहीच! पात्याची आपल्याकडची बाजू चकाकते. तिला काळा रंग द्यायचा, बिनचमकीचा, की संपलं.

अप्पा ताडकन उठले. "दसऱ्याला पुजलेल्या लोखंडाला काळं फासायचं? माझ्या दारात? न्हाय!" आणि जेवायलाही आले नाहीत. ऐंशीला टेकले तरी रुसणं लहान पोरासारखं.

मी पण हट्टाची आहे. रंग आणून ठेवलाय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रंग न देताच डोझर काढला. अप्पा स्वतः बॅटरी घेऊन पात्यापुढं चालत होते. मोतीबिंदूचे डोळे, पायाखाली चिखल! एका ठिकाणी घसरले आणि माझा जीव गेला. ब्रेक लागला म्हणून बरं.

हे सगळं आत्यांनी जीपमधनं बघितलं. संध्याकाळी बाजेवर पडल्या पडल्या अप्पांना म्हणाल्या, "अवो, लेकराला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावत्यात, ती कंच्या रंगाची असती?"

"काळी."

"मग? एवढा नवा डोझर, सगळी वस्ती बघती. त्याला नगं का तीट?"

अप्पांनी उठून माझ्याकडनं ब्रश मागून घेतला. एवढी मोठी तीट मी जन्मात बघितली नव्हती! पूर्ण पाठ काळी केली म्हाताऱ्याने. मी पदरात तोंड घालून हसले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लख्ख! डांबरीपर्यंत सगळं दिसलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आल्या आल्या पातं धुतलं. चिखल वाळला की सिमेंट होतो. बोल्ट आवळले, ग्रीस मारलं. दिव्याची वायर टपाला घासत होती, तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. दिव्यांच्या काचा फडक्याने पुसल्या. अप्पांनी एका काचेवर हळदकुंकू लावून ठेवलं होतं! त्यांना कळू न देता पुसलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

आत्या उठल्याच नाहीत.

रस्ता झालेला, जीप दारात, मोहित हॉर्न देतोय. "आज नगं." का नको? ताप नाही, काही नाही. अप्पांनी विनवलं, मी ओरडले. हो, ओरडले सासूवर! तेव्हा म्हणाल्या, "चिखलाचं निमित्त व्हतं गं अनिता. मलाच जायचं न्हाय. आठवड्यात दोनदा त्या सुया, आन् आल्यावर मेल्यागत पडायचं. कशापायी?"

गोठ्यात जाऊन रडले. एवढं सगळं केलं ते ह्यासाठी?

८ डिसेंबर, सोमवार

आत्यांच्या पायाला सूज. दम लागतोय. ह्यांनी फोनवर समजावलं, डॉक्टरांशीही बोलणं करून दिलं. मान हलवतात, "न्हाय." उद्याचं मी ठरवलंय, उचलून जीपमध्ये घालीन. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

संध्याकाळी सोनबातात्या आले. टोपी हातात. उंबऱ्याच्या आत येईनात. "सूनबाई, पाणी बंद करून आलोय. म्या सोता." मग कळलं. छबूकाकूच्या किडन्या गेल्यात. उद्या तिचं पहिलं डायलिसिस, बारामतीलाच. "ती लई भेलीय. रस्ता… उद्या करशील न्हवं?"

चिखल करताना मला विचारलं होतं का? अगदी जिभेवर आलं होतं. "करते तात्या," म्हणाले.

आत्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. जाग्या होत्या का, माहीत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

उठले तर आत्या लुगडं नेसून, वेणी घालून दारात बसलेल्या. धापा टाकत मलाच म्हणाल्या, "दिवं लाव की लवकर. छबीला सुईचं लई भ्या हाय, मी शेजारी पायजे."