तपासणाऱ्याची सही

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या आत्मचरित्रात परदेशातल्या सुरुवातीच्या दिवसांचं एक प्रकरण असतंच. ऐन वेळी तपशील आठवत नाहीत आणि मग त्यात पाणी घालावं लागतं. माझ्याकडे अस्सल माल तयार असेल.

परिस्थितीची नोंद. या देशाने मला गुण मोजून आत घेतलं. शिक्षणाचे पैकीच्या पैकी, अनुभवाचे पैकीच्या पैकी, भाषेचे दोन कमी (परीक्षक कानाने अधू). बायको नर्स, पण अर्जात तिची नोंद 'सोबत येणारी व्यक्ती'. याला चौदा महिने झाले. सोबत येणारी व्यक्ती आल्या आल्या हॉस्पिटलात मदतनीस म्हणून लागली, एक परीक्षा दिली, आणि आता तिथेच नर्स आहे. पैकीच्या पैकी घरी आहेत.

एकशे बेचाळीस अर्ज केले. उत्तरं आली एकोणीस, सगळ्यांत एकच मजकूर: इथला अनुभव नाही. इथे नोकरी मिळाल्याशिवाय इथला अनुभव कुठून आणू, असं मी एकोणीस जणांना उलट विचारलं. एकालाही उत्तर देता आलेलं नाही.

संकल्प: १. कोणापुढे वाकायचं नाही. २. रोज एक तास तांत्रिक वाचन. ३. ही वही बायकोच्या हाती लागू द्यायची नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
नोकरी धरली. खरं तर नोकरी नाही, मोर्चेबांधणी. साफसफाईच्या एका कंपनीने मला सहा मजली ऑफिसच्या इमारतीत नेमलं आहे, सकाळी सहा ते दोन. हे वरकरणी. आतली गोष्ट अशी की चौथ्या मजल्यावर पुलांचं डिझाइन करणारी फर्म आहे. बावीस वर्षं पूल बांधलेला माणूस आणि पुलांची फर्म यांच्यामध्ये आता फक्त एक मॉप उरला आहे.

कामावर निघताना टाय कशाला, असं बायकोने विचारलं. लिफ्टमध्ये कोण भेटेल सांगता येत नाही, असं मी तिला सांगितलं. मुकादमाने तो पहिल्या पाच मिनिटांत काढायला लावला. फरशी घासायच्या मशिनमध्ये अडकतो म्हणे. नियम योग्य आहे. साइटवर मीही हेच सांगितलं असतं.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. पुलांच्या फर्ममध्ये रोज जातो, असं सांगितलं. शब्द न् शब्द खरा आहे. ते गल्लीभर सांगून आले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
प्रत्येक टॉयलेटच्या दारामागे एक तक्ता लावलेला असतो. दर तासाला एक ओळ. शेवटचा रकाना: तपासणाऱ्याची सही. माझ्या जोडीला सर्व्हेअर आहे. तिसऱ्याच कुठल्या तरी देशात तो जमिनी मोजायचा, इथे त्याच मापाने फरशी पुसतो. तो आणि मुकादम त्या रकान्यात नुसती रेघोटी मारतात. मी पूर्ण सही केली, खाली पदवी, त्याखाली हुद्दा, आणि वर गोल शिक्का. शिक्का येताना सामानात आणला होता. बायको लोणच्याची बरणी ठेव म्हणत होती.

सहीची किंमत या लोकांना कळत नाही. माझ्या सहीवर अकरा पूल उभे आहेत. त्यांवरून माणसं जातात, ट्रक जातात. इथे इंजिनिअर म्हणून सही करायची तर इथला परवाना हवा, आणि परवाना हवा तर आधी इथल्या इंजिनिअरच्या हाताखाली एक वर्ष काम. म्हणजे फिरून पुन्हा तेच.

मुकादम तक्त्याकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, एका माणसाने चार ओळी खाल्ल्या तर बाकीच्यांनी सह्या भिंतीवर करायच्या का. कागदपत्रं नीट ठेवायला लागलं की आधी विरोध होतोच.

१२ फेब्रुवारी, बुधवार
लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याची मुख्य इंजिनिअर भेटली. चाळिशीची बाई, हातात हेल्मेट. माझं दीड मिनिटाचं भाषण पाठ होतं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पंधरा सेकंदांत पोचते. मी दहावीच्या मार्कांपर्यंत आलो होतो. उतरताना बाई म्हणाली, मीटिंग रूममधली कचऱ्याची बादली गळते आहे.
एकंदरीत संवाद सुरू झाला म्हणायचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
बादली बदलली. वाचन झालं नाही. सोमवारपासून.

१९ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ७.१०
जिन्यात बसून लिहितो. मीटिंग रूमच्या टेबलावर एक ड्रॉइंग पसरलेलं होतं. पायी जाणाऱ्यांसाठीचा लोखंडी पूल. मी पुसायला वाकलो आणि दिसलं की दोन्ही टोकांचं बेअरिंग (पूल टेकतो ती बैठक) पक्कं दाखवलं आहे. दोन्ही टोकं जखडून टाकली तर उन्हात लोखंड वाढणार, त्याने जायचं कुठे? भिंतीला धडका मारेल. एक टोक सरकतं हवं, हे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला शिकवतात.

माझ्या खिशात लाल पेन्सिल असतेच. गोल केला, बाण काढला, लिहिलं: 'हे टोक मोकळे ठेवावे.' खाली सही. शिक्का.

चूक दिसली आणि पुसत पुढे गेलो, हे माझ्याने होणार नाही. मला काढून टाकलं तर टाकोत.

२० फेब्रुवारी, गुरुवार
बोलावणं आलं. मुकादम सांगायला आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. घरी जाऊन सूट घालून येतो म्हटलं तर नाही म्हणाला. युनिफॉर्मवरच गेलो.

बाई दोन गोष्टी म्हणाली. पहिली, ती प्रत गिऱ्हाइकाला द्यायची होती, माझ्या शिक्क्यामुळे ती पुन्हा छापावी लागली. आमच्या कागदावर पुन्हा कधीही सही करायची नाही. दुसरी, खूण बरोबर होती. तीन जणांच्या नजरेतून सुटलं होतं.

मग खरं बोलणं. तिच्याकडे ज्युनिअर ड्राफ्ट्समनची एक जागा रिकामी आहे. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची दोन तासांची परीक्षा. जमली तर नोकरी, आणि एक वर्ष पूर्ण झालं की परवान्याच्या अर्जावर ती स्वतः शिफारस करेल. पुढच्या शुक्रवारच्या पाच वाजेपर्यंत केव्हाही येऊन परीक्षा द्यायची.

मी शांतपणे, विचार करून कळवतो म्हटलं. गरज कोणाला आहे ते स्पष्ट दिसत होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
ज्युनिअर! माझ्या हाताखाली चार ड्राफ्ट्समन होते. मी लाल खूण करायची, त्यांनी चहाच्या आत नवीन करून आणायचं. त्यांतल्या एकाच्या लग्नात मी आहेर केला आहे. आता सेहेचाळिसाव्या वर्षी मी त्याच्या खुर्चीत बसू?

घरी सांगितलं. बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, मग सोमवारीच जाऊन परीक्षा देऊन या. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने भांडं पुन्हा उचललं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
केवळ कुतूहल म्हणून कन्येच्या लॅपटॉपवर ते ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं. तीन तासांत एक रेघ. तीही तिरकी. सॉफ्टवेअर सदोष आहे. कन्या म्हणाली, बाबा, आधी इथे क्लिक करा. तिने चार मिनिटांत आमच्या स्वयंपाकघराचा नकाशा काढला, ओट्यासकट. मी त्यात दोन चुका दाखवल्या. तिने लॅपटॉप मिटला.

२३ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा प्रयत्न. म्हणजे पुन्हा कुतूहल. एक चौकोन आला. साठवला कुठे ते सापडत नाही.

बायकोने सरळ विचारलं, तुम्हाला ज्युनिअर म्हणवून घ्यायचं नाही, की कॉम्प्युटर येत नाही म्हणून भीती वाटते? भीतीचा प्रश्नच नाही, असं मी जरा मोठ्याने सांगितलं. मग ती म्हणाली, मीही वर्षभर बेडपॅन उचलली, अकरा वर्षं वॉर्ड सांभाळून झाल्यावर. तुम्हीच रोज त्या पुलाचं सांगता ना, तुम्हीपण दोन्ही टोकं पक्की करून बसला आहात.

बेअरिंगचा विषय तिला अर्धवट समजला आहे. तरी झोपेपर्यंत तेच डोक्यात होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
सर्व्हेअरने जेवणाच्या सुट्टीत सगळं विचारून घेतलं. जागा कोणती, परीक्षा कसली, सॉफ्टवेअर कोणतं. तो मला 'चीफ' म्हणतो, माणूस गुणग्राहक आहे. त्याला मी तासभर समजावलं: हे लोक आपल्याला पायरी दाखवतात, आपण चढायचं नाही. एकदा खालच्या जागेवर बसलं की कायमचं खालीच. अडवून धरायचं. त्याने मान डोलावली आणि सॉफ्टवेअरचं नाव हातावर लिहून घेतलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
पत्र तयार. सात अटी. १. हुद्दा: वरिष्ठ सल्लागार. २. स्वतंत्र केबिन. ३. हाताखाली निदान दोन ड्राफ्ट्समन. ४. परीक्षा नाही, अनुभव हीच परीक्षा. ५. सहीचा अधिकार. ६. टाय लावण्याची मुभा. ७. मूळ प्रमाणपत्रांची फाइल (साडेतीन किलो) माझ्यासमोर वाचली जावी.

कन्येने वाचलं. म्हणाली, बाबा, यात नोकरी हवी आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. वयाच्या मानाने भाषेची जाण चांगली आहे. बदल केला नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
दोनला ड्युटी संपली. घरी गेलो नाही. फाइल घेऊन चौथ्या मजल्यावरच्या जिन्यात बसलो. काचेतून परीक्षेचा कॉम्प्युटर दिसत होता, रिकामा. तीन वाजले. चार वाजले. दोनदा उठलो. एकदा दाराला हातही लावला. आत बसून दोन तासांनी पडद्यावर एक तिरकी रेघ, आणि ती बाई मागे उभी, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

पाचला दहा कमी असताना पत्र दाराखालून आत सरकवलं.

वाकलो नाही. दाराखाली सरकवायला जेवढं लागतं तेवढंच.

३ मार्च, सोमवार
फर्मचं उत्तर, दोन ओळी. पत्राबद्दल आभार, जागा गुरुवारीच भरली आहे.

म्हणजे माझं पत्र पोचायच्या आधीच. म्हणजे माझ्या अटींशी याचा काही संबंध नाही. हे महत्त्वाचं आहे आणि घरी तसं स्पष्ट केलं. बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला, ते जास्त लागलं.

सर्व्हेअर आज कामावर नव्हता. दोन मजले एकट्याने काढले.

४ मार्च, मंगळवार, सकाळी ८.३०
सर्व्हेअर भेटला. चौथ्या मजल्यावर. आतल्या बाजूला. गळ्यात ओळखपत्र.

गुरुवारी ड्युटी संपल्यावर युनिफॉर्मवरच परीक्षा देऊन आला म्हणे. दोन रात्री पुतण्याकडून शिकला. मला बघून उठून उभा राहिला, माझा हात दोन्ही हातांत धरला. चीफ, तुम्ही सांगितलं म्हणून कळलं, असं तीनदा म्हणाला. मी त्याला सांगितलं की तुझ्यासाठीच मी ती जागा सोडली. त्याचे डोळे भरून आले. त्याला ते खरं वाटलं.

वाईट वाटलं. खूप वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोणी वाचत नाही.

त्याची बादली रिकामी केली. नीट भरतो बिचारा, बाहेर काही सांडत नाही.

५ मार्च, बुधवार
नवा विचार: सर्व्हेअर हा आपला आतला माणूस. मोर्चेबांधणी यशस्वी. सासऱ्यांना फोनवर सांगितलं की फर्ममध्ये आता माझ्या ओळखीने माणसं लागतात.

११ मार्च, मंगळवार
सकाळी सात. सर्व्हेअरच्या टेबलावर त्या लोखंडी पुलाचं नवीन ड्रॉइंग, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवून पसरलेलं. बाजूला टोक केलेली लाल पेन्सिल. वर चिठ्ठी. चीफ, एकदा नजर घाला. काही दिसलं तर या चिठ्ठीवर लिहा. कृपा करून सही करू नका.

चाळीस मिनिटं बघितलं. एक टोक मोकळं केलं आहे. रेघा सुरेख आहेत, एकही तिरकी नाही. कठड्याच्या एका खांबाचं माप पन्नास मिलिमीटरने चुकलं होतं. ते चिठ्ठीवर लिहिलं. खाली पेन्सिल टेकवली, मग उचलली. कागदाखेरीज उरलेलं टेबल पुसलं.

आठला खाली गेलो. पुरुषांचं टॉयलेट, तळमजला. नळ, साबण, फरशी, आरसा, सगळं बघितलं. तक्त्यावर आठची ओळ. पूर्ण सही केली. खाली पदवी, त्याखाली हुद्दा. शिक्का मारला, जरा जोरात, शाई सुकत आली आहे.

मुकादम दारात उभा होता. नऊची सही त्याने समासात केली.