पॅनेलांवर किश्क वाळत घातल्याबद्दल

ऐन तूत, बेका खोरं
सप्टेंबरचा पहिला रविवार, मिस्सा आटोपल्यावर

आदरणीय शुक्री भावोजींना धाकट्या भावजयीचा, मुंतहाचा, सलाम.

तुम्ही पाठवलेलं सामान पोचलं ते असं : सोलर पॅनेल सहा, बॅटऱ्या दोन, इन्व्हर्टर एक, मुलांसाठी टॅब्लेट दोन, जाऊबाईंकडून कापडाचे तुकडे तीन (निळा फार सुंदर आहे). बंदरापासून घरापर्यंत टेम्पोचे चाळीस डॉलर, गच्चीवर चढवणाऱ्या दोघांचे वीस. त्यांचं जेवण (मसूर-भात, वर तळलेला कांदा) आणि त्यांच्या हातून फुटलेली जिरेनियमची कुंडी हे मी माझ्या पदरी धरलं आहे, तुमच्या खात्यावर टाकलेलं नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे आफ्रिकेत, आबिजानला, पावसात तो जास्त दुखतो असं तुमचा भाऊ इल्यास सांगत होता. जाऊबाईंची साखर आटोक्यात आहे ना? रोज जपमाळ करताना तुम्हा दोघांची नावं घेते. मागच्या आठवड्यात तुमचा तो निरोप आला, त्या दिवशीसुद्धा घेतली. जरा कठीण गेलं, पण घेतली.

तुमचा निरोप मी वाचला असं म्हणणार नाही, मला तो वाचून दाखवण्यात आला. तुम्ही मोबाइलवर पाठवलात आणि माझा मोबाइल माझ्याआधी रफ्का वाचते. (वय वर्षं चौदा, चष्मा मागच्या महिन्यात लागला.) तर माझ्याच मुलीने, माझ्याच स्वयंपाकघरात, ठसक्यात वाचून दाखवलं की आबिजानला बसून तुम्हाला आमच्या विजेचा आलेख दिसतो, तो रोज दुपारी बारानंतर कोसळतो, आणि चौदा सप्टेंबरच्या क्रूसाच्या सणापर्यंत हा प्रकार थांबला नाही तर हे घरी शिकवण्याचं खूळ बंद करून रफ्काला बैरूतला नन्सच्या वसतिगृहात घालायचं, खर्च तुमचा. इल्यासला लष्करातून पंधरा दिवसांनी सुट्टी मिळाली, त्याला विचारलं तर तो म्हणाला, बघू. आणि इल्यासचं ‘बघू’ म्हणजे अर्धं ‘हो’ असतं, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या मांडवातच सांगून ठेवलं होतं. म्हणून हे पत्र, आणि म्हणून कागदावर.

आता खूळ म्हणाल तर गावची शाळा दोन वर्षं शिक्षकांच्या संपात अडकली आहे आणि खालच्या गावातली खासगी शाळा फी डॉलरात मागते. मी मॅट्रिक आहे. गणितात मला वीसपैकी सोळा होते (प्रगतिपुस्तक आहे, हवं तर पाठवते). सकाळी आठ ते बारा टॅब्लेटवर धडे, नंतर वही, नंतर पाठांतर. रफ्का जूनमध्ये बाहेरून परीक्षेला बसणार आणि पास होणार. धाकटा निमत अपूर्णांकांशी भांडतो आहे, पण भांडतो म्हणजे ओळख झाली. अडचण धड्यांची कधीच नव्हती. धडे संपल्यावर तोच टॅब्लेट खाली कोण ठेवतो, ही होती.

तुम्ही पॅनेल पाठवण्याआधी ही अडचणसुद्धा नव्हती. सरकारी वीज दोन तास, बाकी जनरेटरवाला अबू तानियोस. चार वाजले की आमच्या लाइनचा खटका पडायचा, इंटरनेट मरायचं, सहाला यायचं. रात्री साडेनऊला पुन्हा पडायचा. मुलं सरकारला शिव्या घालायची, मंत्र्यांची नावं घेऊन घालायची (नागरिकशास्त्र त्यांना असंच पाठ झालं), आणि मग गल्लीत खेळायला जायची नाही तर पुस्तक घेऊन खिडकीत बसायची. आमच्या घरात आई कधी वाईट नव्हती, सरकार वाईट होतं. आता तुम्ही घरचे म्हणून सांगते, तो खटका सरकार पाडत नव्हतं. अबू तानियोस पाडायचा, माझ्या सांगण्यावरून, महिन्याला मकदूसच्या लोणच्याची एक बरणी. वांगी माझी, अक्रोड माझे, तेल तेवढं विकतचं.

ही लबाडी आहे हे मला कळत होतं. ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरना सगळं सांगितलं. त्यांनी तीन जपमाळांचं प्रायश्चित्त दिलं आणि अबू तानियोसचा नंबर मागितला. त्यांच्याकडे सुट्टीला दोन भाचे आले होते.

मग तुमची पॅनेल आली. पहिल्या दिवशी मीसुद्धा रडले हो, आनंदाने. फ्रिज दिवसभर चालला, कपडे यंत्रात धुतले, अबू तानियोसची लाइन कापली. तो कापताना मला, निमतच्या आईला, म्हणाला, ‘उम्म निमत, पस्तावशील.’ चौथ्या दिवशी पस्तावले. चार वाजले, वीज गेली नाही. सहा वाजले, वीज गेली नाही. मी म्हटलं, ठेवा खाली. निमत म्हणाला, का? आजवर माझ्या पोरांनी विजेच्या बाबतीत मला ‘का’ विचारलेलं नव्हतं. आकाशाला कोण विचारतं? मी टॅब्लेट कपाटात ठेवले, किल्ली सापडली. पिठाच्या डब्यात ठेवले, पिठासकट चालू होते. परवलीचा शब्द घातला, तो त्यांनी नाष्ट्याआधी ओळखला (सासूबाईंचं नाव होतं, मान्य आहे).

आणि तेवढ्यात किश्कचे दिवस आले. दरवर्षी दलिया दह्यात आंबवायचा आणि गच्चीवर चादरी पसरून वाळवायचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. आता गच्चीवर ऊन कुठे आहे? जिथे तुमची पॅनेल आहेत तिथेच. मी जागा शोधायला गेले नव्हते, जागाच माझ्याकडे आली. धडे संपले की बारा वाजता चार पॅनेलांवर चादरी, चारी टोकांना चिमटे, वर किश्क. चारपर्यंत बॅटरी रिकामी. मुलं गल्लीत. पुन्हा माझ्या घरात शांतता आली, आणि किश्क, भावोजी, असं वाळलं की विचारू नका.

त्यानंतर तुम्ही जाहलेहून मिस्त्री पाठवलात. मला न सांगता. तो वर गेला, बराच वेळ वरच राहिला, आणि खाली येऊन माझ्या अंगणातून, माझ्यासमोर, तुम्हाला फोन लावून म्हणाला, ‘हवाजा शुक्री, पॅनेल उत्तम आहेत. मीठ थोडं कमी पडलंय.’ तुम्ही फोनवर काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, पण मिस्त्रीने मोबाइल कानापासून हातभर लांब धरला होता. (मिठाचं त्याचं बरोबर होतं. त्याला किलोभर किश्क बांधून दिलं.)

तो गेल्यावर रफ्का वही घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. मला वाटलं, व्याकरण.

‘आई, किश्क पाच दिवसांत वाळतं,’ ती म्हणाली. ‘आज तेरावा दिवस आहे.’

मी म्हटलं, यंदा ऊन कमी आहे. तिने वही माझ्याकडे फिरवली. सहापैकी चार पॅनेल झाकली तर बॅटरी किती भरते, फ्रिज किती खातो, दोन टॅब्लेट किती खातात, सगळं रेघा मारून मांडलेलं. खाली दोन रेघांमध्ये उत्तर : म्हणजे आईला आम्हाला दुपारी रोज एक तास दहा मिनिटं द्यायची आहेत. ‘सरळ सांगितलं असतंस तर आम्ही एकच तास मागितला असता,’ ती म्हणाली. (खोटं. अडीच मागितले असते.) निमत बाजूला उभा राहून मान डोलवत होता. शेजारच्या कोंबड्या गच्चीवर रोज कोण सोडतं, हेही मला तेव्हाच कळलं. किश्क लवकर संपावं म्हणून तो आठ दिवस त्यांना वर नेत होता.

मी गणित तपासलं. दोनदा तपासलं. एका ठिकाणी दशांश चिन्ह चुकलं असेल अशी फार आशा होती. नव्हतं चुकलं. वीसपैकी वीस दिले, सही केली, तारीख घातली.

तेव्हा भावोजी, तुमच्या निरोपाला माझं उत्तर हेच पान आहे, ते फाडून सोबत जोडलं आहे. आईची चोरी अपूर्णांकांत पकडणारी मुलगी मी घरी शिकवून तयार केली आहे आणि ती घरीच राहील. नन्सबद्दल मला आदर आहे, पण त्यांनी तिला काय शिकवायचं राहिलंय ते मला दिसत नाही. तुमचे उपकार मी विसरणार नाही, तुमची पॅनेल रोज पुसते. पण मुलांनी किती वेळ पडद्यासमोर बसायचं हे आबिजानहून ठरणार नाही, ते या घरात ठरेल. इल्यासला ‘बघू’ म्हणायचं असेल तर त्याने घरी येऊन चार वाजता निमतच्या हातून टॅब्लेट काढून बघावा. चादरी मी घडी करून ठेवल्या आहेत. भीतीने नाही, किश्क संपलं म्हणून.

जाऊबाईंना माझा सलाम, मुलांना पापे.

तुमची भावजय,
मुंतहा

ता. क. — मिस्त्री जाताना सांगून गेला की तुम्हाला तिथून नुसता आलेखच दिसतो असं नाही, अंगठा दाबून इन्व्हर्टर बंदसुद्धा करता येतो. हे खरं आहे का? खरं असेल तर आमच्या घड्याळाने रोज चार ते सहा बंद करत जा, आणि रात्री साडेनऊला. दोन तासांत फ्रिजमधलं दही बिघडत नाही, मी पाहिलं आहे. रफ्का आता गच्ची रोज तपासते. आबिजान तपासणार नाही.

ता. क. दुसरा — अबू तानियोसचा दर महिना एक बरणी होता. तुम्ही घरचे, तुम्हाला दोन. पहिली बरणी आणि पाच किलो किश्क (यात मीठ बरोबर आहे, कोंबड्या लागलेलं वेगळं ठेवलं) याच पत्राबरोबर फादरच्या मेव्हण्याच्या हाती येत आहे.

ता. क. तिसरा — रात्रीचं मात्र साडेनऊच्या आधी अजिबात बंद करू नका. साडेआठला मी मोबाइलवर जपमाळ ऐकते. जपमाळ नऊला संपते. नऊ ते साडेनऊ एक तुर्की मालिका असते, तिच्यात सध्या सुनेला घराबाहेर काढायचं चाललं आहे, त्यामुळे एक दिवससुद्धा चुकवता येत नाही.

ता. क. शेवटचा — फादरचा मेव्हणा गुरुवारी तिथून परत निघतो, त्याच्या हाती उलट उत्तर पाठवा. मोबाइलवर नको, का ते वर लिहिलंच आहे. आणि ‘हो’ असेल तर लिहायचेही कष्ट घेऊ नका. शुक्रवारी चार वाजता मी स्वयंपाकघरात पंख्याखाली बसेन. तो थांबला की तुमचं ‘हो’ पोचलं असं धरीन, आणि मुलांबरोबर सरकारला चार शब्द सुनावीन.