सीताफळाच्या सात बिया

गुरुजी, एक गोष्ट मला तुम्हाला विचारायची आहे. ती मी एकदा विचारली होती, तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडला होतात. त्याला आता पन्नासच्या वर वर्षं झाली. तुम्ही गेलात त्यालाही खूप दिवस झाले. माजलगावच्या धरणात पाणी अडलेलं तुम्ही पाहिलं नाही. तुमच्यामागं आमचे हेही गेले, त्यांना यंदा अकरावं वर्ष आहे. आता विचारायला बाकी कोणी नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. ती सीताफळाची गोष्ट तुम्ही कुठून आणली होती?

बहात्तरचा दुष्काळ. तेलगावच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही खडी फोडतोय. माझं लग्न होऊन दोन वर्षं झालेली, लेक पाठीला बांधलेली. शाळेत पोरं उरली नव्हती, ती आईबापाबरोबर खडीवरच आली होती, म्हणून सरकारनं तुम्हाला सुकडी वाटायला आमच्यात आणून बसवलं. धोतर पांढरं, डोक्याला टोपी, आणि मराठीत मधेच हैदराबादचे शब्द. बाया तुम्हाला हसायच्या. तुम्ही सुकडी वाटताना एकेकीला अंगठ्याऐवजी सही शिकवायचात, आणि दुपारी लिंबाच्या झाडाखाली सगळ्या बसल्या की गोष्ट सांगायचात. बाकीच्या गोष्टी आता आठवत नाहीत. ही आठवते. तुम्ही हात लांब करून आमचाच डोंगर दाखवला होता, सीताफळीनं भरलेला, तेव्हा वाळून काळा पडलेला. म्हणालात, या डोंगराखाली एक राजा राहतो. त्यानं धान्याच्या आईची लेक पळवून खाली नेली. आई रानोरान हिंडली, मग रुसून बसली. लेक परत येईपर्यंत मी एक दाणा उगवू देणार नाही, म्हणाली. जमीन भेगाळली, माणसं मरायला लागली, तेव्हा राजाला लेक सोडावी लागली. पण तिनं खाली असताना सीताफळाच्या सात बिया गिळल्या होत्या. सासरचं अन्न पोटात गेलं, म्हणून सहा महिने तिला खाली राहावं लागतं आणि सहा महिने माहेरी.

आमच्यातल्या निम्म्या जणी दसरा झाला की कोयता घेऊन उसाला जायच्या, सहा महिने. बाया सुकडी चिवडत राहिल्या. मीच बोलले, कारण माझी जीभ तेव्हापासून अशीच आहे. म्हटलं, "गुरुजी, सीताफळाचं बी कोन गिळतं? ते तर थुकून टाकत्यात." आमच्याकडे ते बी वाटून उवांसाठी डोक्याला लावतात, डोळ्यात गेलं तर माणूस आंधळा व्हायची वेळ येते. बाया हसल्या. तुमचा चेहरा लाल झाला होता, ते मी नीट पाहिलं होतं. मग तुम्ही माझ्या हातातल्या सुकडीकडे बघून म्हणालात, "भुकेलं माणूस बीसुद्धा गिळतं, बाई."

त्यानंतर हसणं थांबलं. पण माझ्या मनातून ते बी काही गेलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. डोंगर हिरवा झाला, सीताफळ लगडलं. आणि कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला सांगता येणार नाही, पण बाया म्हणायला लागल्या की लेकी घरी आल्याशिवाय डोंगराचं पहिलं सीताफळ फोडायचं नाही. घट बसले की लेकींनी यायचं, पहिलं फळ विहिरीवरच्या आसरांपुढं, त्या पाण्याच्या देवींपुढं, ठेवायचं, मग सगळ्यांनी खायचं, आणि दसऱ्यापर्यंत नऊ दिवस लेक माहेरी. त्यानंतर तिनं उसाला जावं. ज्या घरानं लेकीला अडवलं त्या घराचं रान वाळतं, असं पसरलं. पाच-सहा वर्षांत आजूबाजूच्या गावांतल्या सासवा म्हणायला लागल्या, त्या गावची सून केली की सीताफळाला धाडावीच लागते. पण मी तुमच्याकडे शाळेच्या ओसरीवर आले ते त्या पहिल्याच वर्षी. तुम्ही दाढी करत होतात, आरसा खिडकीला टांगलेला. मी विचारलं, गुरुजी, ती गोष्ट कुठल्या पोथीत आहे, बाया आता देव मांडायला लागल्यात. तुम्ही वस्तरा खाली ठेवला आणि ओरडलात, "सही येते ना तुला? मग बस झालं. गोष्टीला पोथी विचारायची नसते." जो माणूस साऱ्या गावाला वाचा वाचा म्हणतो, तो मला वाचू नको म्हणतोय, हे मला तेव्हाच खटकलं. घरी येऊन मी रडले नाही, पण चार दिवस कुणाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तुम्ही यांच्या हाती एक अंकलिपी पाठवलीत. निरोप काही नाही. ती अंकलिपी मी चुलीजवळ ठेवून भाकरी थापता थापता शिकले. मग दुकानातून सामान बांधून आलेला पेपर, मग पोरांची पुस्तकं, मग साखर कारखान्याच्या वाचनालयातली. तुम्ही मला शिकवलंत असं गावात म्हणतात. मी ते खोडून काढते. मला तुमच्यावरच्या संशयानं शिकवलं.

आता माझ्याकडे माझ्या लेकीची लेक असते. तिचे आईबाप उसाला जातात, म्हणून ती पहिलीपासून माझ्याकडेच वाढली. यंदा कॉलेजला आहे. तिच्या मोबाईलवर ती परदेशातली एक मालिका बघते, हिंदीत बोलतात. मी दुपारी गवार मोडत शेजारी बसते. राजे, तलवारी, आग ओकणारे साप. पहिल्यांदा मला वाटलं की हे सगळं कुणाच्या तरी डोक्यातून आलंय. मग एका भागात बैलाच्या तोंडाचा माणूस आला, भुलभुलैयात कोंडलेला, त्याला दरवर्षी पोरं पाठवायची. दुसऱ्या भागात तीन म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्याचं सूत कातायला बसलेल्या. धुरात बसून पुढचं सांगणारी बाई. पंखाचा घोडा. वाळूच्या रिंगणात माणसं मरताना बघणारी गर्दी. मला हे सगळं कुठंतरी भेटलेलं होतं. कारखान्याच्या वाचनालयात ग्रीक आणि रोमन लोकांच्या जुन्या कथांचं एक जाडं पुस्तक होतं, पाठीला खाकी कागद लावलेलं. त्यातल्या निम्म्या मी वाचल्या होत्या, पुढं यांचं आजारपण आलं आणि पुस्तक परत करावं लागलं. मी नातीला म्हटलं, हे लोक चोर आहेत. नावं बदलली, कपडे बदलले, आणि माल जुनाच विकतात. ती हसली. म्हणाली, "आजी, ती चोरी नसते. त्याला प्रभाव म्हणतात. आमाला कॉलेजात शिकवलंय." मी म्हटलं, शेजारच्याची गाय आणून आपल्या दावणीला बांधली तर आपल्याकडे त्याला प्रभाव म्हणत नाहीत.

मग तो भाग आला. फुलं तोडणारी पोर, जमीन फाटते, काळ्या रथातला राजा. वर तिची आई, आणि सुकत चाललेली शेतं. मी गवार बाजूला ठेवली. नात माझ्याकडे बघत होती, कारण तिनं ही गोष्ट माझ्याच मांडीवर शंभर वेळा ऐकलेली. राजानं त्या पोरीपुढं फळ धरलं, आणि ते सीताफळ नव्हतं. डाळिंब होतं.

गुरुजी, मी जागेवरून उठले. डाळिंबाचं बी गिळतात! डाळिंबात गिळायला दुसरं असतंच काय? पन्नास वर्षं माझ्या दातात अडकलेली गोष्ट त्या मोबाईलनं एका क्षणात काढून दाखवली. दुसऱ्या दिवशी नातीला पाठवून ते जाडं पुस्तक परत मागवलं, आणि जिथं माझं वाचन थांबलं होतं तिथून चार कथा पुढं ती होतीच. धान्याची देवी, तिची लेक, डाळिंब, वर्षाचे वाटे. मग मला तुमची पत्र्याची पेटी आठवली. तिच्यात उर्दूतलं एक पुस्तक असायचं, निळ्या पुठ्ठ्याचं. गावात ते कुणालाच वाचता यायचं नाही, फक्त शिंपीमामूला. एकदा त्यांना विचारलं होतं, तर ते म्हणाले होते, काही नाही, युनानच्या देवांचे किस्से आहेत. मला बीडचा युनानी दवाखाना माहीत होता, मी समजले औषधाचं पुस्तक असेल; युनान म्हणजेच ग्रीकांचा देश, हे आत्ता कळलं. म्हणजे तुम्हीही चोरच. तुम्ही डाळिंबाचं सीताफळ केलंत आणि आमच्या डोंगराखाली एक परका राजा नेऊन बसवलात.

का केलंत, याचा मी बराच विचार केला आहे, आणि माझं कशावरच समाधान होत नाही. आम्ही सहा महिने उसाला जातो हे बघून तुम्हाला ती गोष्ट आठवली असेल, हे एक. पण तुमचीही एक लेक होती. गुलबर्ग्याकडे कुठंतरी दिलेली. ती कधी माहेरी आलेली आम्ही पाहिली नाही. गावात बायका बोलायच्या, तुमच्यासमोर कुणी बोलायचं नाही. कधी वाटतं, ती गोष्ट तुम्ही आम्हाला सांगितलीच नव्हती, आम्ही फक्त तिथं बसलेल्या होतो. खरं काय ते तुम्ही जाणा. मी कुणाच्या भल्या हेतूवर पटकन विश्वास ठेवत नाही, तुमच्याही नाही.

हे सगळं माझ्यापाशीच राहिलं असतं. पण आता गावात बायांची सहकारी संस्था आहे, सीताफळाचा गर काढून शहरात पाठवते. पत्र्याची शेड आहे, थंडपेटी आहे, दुष्काळाच्या सालीही डोंगर थोडंफार देतोच. चेअरमन बाई आहे, पण बोलतात तिचे मालक. यंदा पाऊस कमी, फळ लवकर पिकायला लागलं, आणि घट बसायच्या पंधरा दिवस आधीच तोड सुरू करू, असं त्यांनी सभेत काढलं. फळाला लेकींची वाट बघायला लावून नासवायचं का, हे त्यांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. पण एकदा लेकींच्या आधी फळ फुटलं की सासरच्यांवरचा धाक गेला. माझ्या लेकीच्या दिराचा फोन आधीच येऊन गेला होता. यंदा ऊसतोडीचा मुकादम लवकर गाडी भरतोय, सीताफळाचं काय ते कळवा, म्हणून. नातीला वर्षात आई मिळते ती पावसाळ्यात, तीही दुसऱ्याच्या रानात राबताना. स्वतःची म्हणून मिळते ती याच नऊ दिवसांत.

बाया कुरकुरल्या, आसरांचं नाव घेतलं. तेव्हा मालकांनी खुर्ची पुढं ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी, तुमी वाचनाऱ्या हायत म्हनून तुमालाच सांगतो. ही गोष्ट आपली न्हाईच. माझ्या पोरानं मोबाईलवर दावली. लई जुनी हाय, पर तिकडची हाय. तिकडच्या देवीपायी आपन पंधरा दिस कावून खोळंबायचं?" नात सभेचं लिहून घ्यायला बसली होती, तिचं पेन थांबलं. त्या दिवशी तिच्या पिशवीत ते जाडं पुस्तक होतं, ती तिथूनच ते परत करायला वाचनालयात जाणार होती. मालकांनी विचारलं, "खरं सांगा, तुमाला ही गोष्ट कोनी सांगितली?"

मी म्हटलं, "माझ्या आजीनं. जात्यावर."

माझ्या बाजूला, दुष्काळात खडीवर माझ्यासोबत असलेली म्हातारी बसली होती. तुमच्या हातची सुकडी तिनंही खाल्लेली, ती गोष्ट तिनंही त्याच झाडाखाली ऐकलेली. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझ्या बी आजीनं." मागून आणखी एक म्हणाली, माझ्या आजीनं तर तिच्या आजीकडून ऐकली होती. मग सगळ्या शेडभर आज्या उभ्या राहिल्या. चेअरमनबाईही शेवटी नवऱ्याकडे न बघता म्हणाली की तिच्याही आजीनं सांगितली होती. आणि ती तर लातूरकडची. मालक हसले, म्हणाले, एवढ्या आज्यांपुढं मी काय बोलू. तोड घटाला सुरू करायची ठरली. नातीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वहीत लिहिलं, ही प्रथा गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, सबब ती तशीच ठेवावी. खाली मी सही केली.

वाटेनं येताना ती म्हणाली, आजी, गुरुजींचं नाव तरी सांगायचंस. मी तिला सांगितलं की नाव सांगितलं असतं तर पुस्तक सांगावं लागलं असतं. ते खरंच आहे. पण मी मोबाईलवाल्यांना चोर म्हटलं, तुम्हाला म्हटलं, आणि मग साऱ्या सभेसमोर तुमच्याकडून गोष्ट घेऊन तुमचं नाव पुसलं. ते खोटं आता वहीत आहे, शिक्क्यासकट.

हे पत्र पाठवायचं कुठं, तो प्रश्नच नाही. नातीलाही दाखवणार नाही. एवढंच सांगून थांबते. माझी आजी माझ्या जन्माआधी गेली, मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. लेक आली, चार दिवस झाले. काल ती अंगणात नातीची वेणी घालत होती, आणि तिनंच म्हटलं, आई, ती गोष्ट सांग. तिथं सभा नव्हती, मालक नव्हते, कुणी काही विचारलं नव्हतं. तरी मी सुरुवात केली ती "माझी आजी म्हणायची" अशीच.