शुगरवाल्याचा ताप

चि. पंजाबले अक्काचा लय लय आशीर्वाद.

मी पुण्यात पोरीकडे मजेत आहो. म्हैस व्याली का? फोनवर तू "रेंज नाही" म्हनून माहा फोन कापतो, म्हनून हे पत्र शेजारच्या सबिहाजवळ देऊन राह्यली. ती आज आपल्या मानोऱ्याले माहेरी निघाली.

तुही बायको वैजयंती सांगे, तुले ताप-खोकला आहे अन् तू शुगरची, हार्टची गोळी बंद केली. काहून रे? म्हने, तापात लय गोळ्या गरम पडते. मोठा आला डॉक्टर! दहावीचं गणित तं सुटलं नाही तुले.

इथला डॉक्टर म्हने, शुगर-हार्टवाल्याचा असा ताप लवकर छातीत उतरते. त्यानं वाट पाहाची नाही, न इचारता गोळी सोडाची नाही.

तुह्या भाऊजीलेही शुगर होती. "सर्दीच तं आहे" म्हनत माह्या थट्टेवर हसले अन् हसतानाच त्याइले दम लागला. मले वाटलं, माही थट्टा जमली.

तू आजच दवाखान्यात जाय. हे वाचून हसताना दम लागला, तं चप्पल घालालेही थांबू नको.

चिडवाले आता तूच एक उरला, बाप्पा.

तुही भ्यालेली,
अक्का